भोवळ: पडण्याआधी काय चाललं होतं?

[दृश्य: संचलनाचं मैदान. सावधान स्थितीत उभी असलेली सैनिकांची रांग. वाऱ्याचा आवाज.]

सैनिक सावधान उभे आहेत. अर्धा तास होऊन गेलाय, ऊन चढत चाललंय. दुसऱ्या रांगेतल्या एकाचा चेहरा हळूहळू पांढरा पडतो. कपाळावर घाम. डोळे समोर आहेत, पण नजर कशावरच नाही. आणि मग तो सरळ पुढे कोसळतो. हातसुद्धा आडवे येत नाहीत.

तरुण, धडधाकट माणूस. सकाळीच काही किलोमीटर धावून आलेला. त्याला झालं काय?

त्याने पाय हलवले नाहीत. बरंचसं कारण एवढंच आहे.

आपण उभे राहिलो की पहिल्या काही सेकंदांत साधारण अर्धा ते पाऊण लिटर रक्त छातीकडून खाली, पोटात आणि पायांत उतरतं. ते पुन्हा हृदयाकडे ढकलण्याचं काम बऱ्याच अंशी पोटऱ्यांचे स्नायू करतात. चालताना, किंवा नुसतं एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देतानाही स्नायू आवळतो, शिरा दाबल्या जातात, आणि शिरांमधल्या झडपा रक्ताला मागे फिरू देत नाहीत. निश्चल उभ्या असलेल्या माणसात हे काम थांबतं. त्यात ऊन असेल तर त्वचेच्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या, घामावाटे पाणी गेलेलं. जुने, अनुभवी सैनिक म्हणूनच बुटांच्या आत पायांची बोटं हलवत राहतात. बाहेरून काही कळत नाही, शिस्तही मोडत नाही.

[दृश्य: मानेतल्या धमन्या आणि मेंदू यांचं रेखाचित्र.]

मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के. पण हृदयातून निघणाऱ्या रक्तातला सुमारे १५ टक्के वाटा त्याला लागतो, आणि तो सतत लागतो. पुढच्या वेळेसाठी राखून ठेवायची सोय मेंदूकडे जवळजवळ नाहीच. रक्त पूर्ण थांबलं, तर ६ ते ८ सेकंदांत शुद्ध जाते. रक्त पूर्ण थांबायचीही गरज नसते. उभ्या माणसाचा वरचा रक्तदाब ५० ते ६०च्या घरात आला तरी पुरतं.

आधी डोळे जातात. 'अंधारी आली' असं आपण म्हणतो ते अगदी शब्दशः घडत असतं. डोळ्याच्या आत स्वतःचा एक दाब असतो आणि त्या दाबाविरुद्ध रक्ताला दृष्टिपटलापर्यंत पोहोचावं लागतं. रक्तदाब उतरला की तिथला पुरवठा मेंदूच्या आधी तुटतो. रंग फिके होतात, कडा काळ्या पडत जातात, आणि माणूस मात्र अजून ऐकत असतो. आवाज लांबून आल्यासारखे वाटतात. मग तेही संपतं.

माणूस पडतो. आडवा झाला की डोकं आणि हृदय एका पातळीत येतात, पायांतलं रक्त छातीकडे परततं, आणि बहुतेकदा अर्ध्या मिनिटाच्या आत तो डोळे फिरवत विचारतो, "काय झालं?" कोसळणं हाच त्या क्षणी झालेला उपचार असतो. पडताना डोकं कशावर आपटलं नाही, तर.

झटकन येते, थोडाच वेळ टिकते आणि आपोआप, पूर्णपणे जाते, ती भोवळ. खोली गरगर फिरल्यासारखं वाटणं वेगळं. त्याचा उगम बहुधा आतल्या कानात असतो आणि त्यात शुद्ध जात नाही. रक्तातली साखर उतरून आलेली बेशुद्धी हळूहळू चढते आणि नुसतं आडवं केल्याने उतरत नाही. डोक्याला मार लागून, दारूने किंवा औषधाच्या अतिमात्रेने शुद्ध जाणं, हेही वेगळं. इथे आपण बोलतोय ते फक्त मेंदूचं रक्त क्षणभर कमी पडण्याबद्दल.

आणि असं होण्याचे मार्ग ढोबळमानाने तीन. मेंदूतून निघालेला चुकीचा आदेश, उभं राहिल्यावर रक्तदाब सांभाळता न येणं, आणि हृदयातलाच बिघाड.

[दृश्य: दवाखाना. रक्त काढण्यासाठी दंडाला बांधलेला पट्टा. सुई दिसताच मान फिरवणारा तरुण.]

पहिला मार्ग सगळ्यांत जास्त चालता. आयुष्यात एकदा तरी भोवळ येणाऱ्यांचं प्रमाण तीनात एक किंवा त्याहूनही अधिक सांगितलं जातं, आणि त्यातले बहुतेक जण या गटातले. सुई, रक्त, अचानक उठलेली कळ, वाईट बातमी, कोंदट खोलीतली गर्दी, खूप वेळ उभं राहणं. वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आसपास ती पहिल्यांदा गाठते, मुलींना जास्त.

होतं असं. रक्तदाबावर पाळत ठेवणारे संवेदक मानेतल्या धमनीत आणि महाधमनीच्या कमानीत असतात. दाब उतरला की ते मेंदूच्या बुडाशी असलेल्या केंद्राला कळवतात. केंद्र हृदयाला वेग वाढवायला लावतं आणि रक्तवाहिन्या आवळून घेतं. दिवसातून शेकडो वेळा हे आपल्या नकळत चालतं. भोवळीत हाच आदेश उलटा निघतो. व्हेगस नावाची मज्जातंतू हृदयाला लगाम घालते, नाडी मंदावते, आणि त्याच वेळी रक्तवाहिन्या सैल सुटतात.

या दोन्हींतलं जास्त घातक कोणतं, याचा छडा लागायला वेळ लागला. ब्रिटिश हृदयतज्ज्ञ सर थॉमस लुईस यांनी १९३२ मध्ये या प्रकाराला 'व्हॅसोव्हेगल' (रक्तवाहिन्या आणि व्हेगस, दोन्हींवरून) हे नाव रूढ केलं. भोवळ आलेल्यांना त्यांनी अ‍ॅट्रोपीन, म्हणजे व्हेगसचा लगाम सैल करणारं औषध, देऊन पाहिलं. नाडी वाढली, रक्तदाब मात्र खालीच राहिला. म्हणजे दोष केवळ मंदावलेल्या हृदयाचा नव्हता. पुढे १९४४ मध्ये, महायुद्धाच्या धामधुमीत, ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या एका गटाने स्वयंसेवकांचं रक्त काढून त्यांना मुद्दाम भोवळ आणली. जखमी माणूस रक्त गेल्यावर का कोसळतो, हे त्यांना हवं होतं. दिसलं ते अनपेक्षित होतं: कोसळण्याच्या क्षणी स्नायूंमधल्या रक्तवाहिन्या एकदम उघडत होत्या, आणि मेंदूला हवं असलेलं रक्त हातापायांच्या मांसात शिरत होतं.

रक्त पाहून शुद्ध हरपणाऱ्यांची तर गंमतच आहे. साप, उंची, अंधार, कसल्याही भीतीने नाडी धावते, रक्तदाब चढतो. त्या भीतीने सहसा कोणी बेशुद्ध पडत नाही. रक्ताची आणि जखमेची भीती तेवढी अपवाद. तिथे आधी दाब चढतो आणि मग घसरतो. घराण्यात ती चालत आलेली दिसते. अशा माणसाला "घाबरू नकोस, अंग सैल सोड" हा सल्ला देणं म्हणजे त्याला खाली ढकलणं. त्याला सांगायचं ते नेमकं उलट: दंड, मांड्या, पोट घट्ट आवळ. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ऊस्ट यांनी १९८०च्या दशकात यावरच उपचारपद्धती बसवली. दहा-पंधरा सेकंद स्नायू आवळायचे, चेहरा गरम वाटू लागला की सोडायचे, थोडं थांबून पुन्हा. काही बैठकांत बऱ्याच जणांना याचा गुण येतो.

याच गटात काही विचित्र वाटणाऱ्या भोवळी आहेत, आणि त्या सांगायला लोक लाजतात. रात्री उठून उभ्याने लघवी करताना पुरुष कोसळतात: गाढ झोपेतून एकदम उभं राहणं, भरलेलं मूत्राशय अचानक रिकामं होणं, त्यात कधी दारू. खाली बसून लघवी करणं, एवढा साधा उपाय त्यावर आहे. शौचाला जोर करताना, खोकल्याची उबळ आल्यावर, पोट धरून हसताना, घास गिळताना, ट्रम्पेट फुंकताना, जड वजन उचलताना, शर्यत संपल्यावर एकदम थांबताना, या सगळ्या वेळी भोवळ येते. काही वयस्क पुरुषांना घट्ट कॉलरने किंवा मान झटकन वळवल्याने येते, कारण मानेतला संवेदक अतिहळवा झालेला असतो. डॉक्टरांना हे न सांगता नुसतं "चक्कर आली होती" म्हटलं, तर कारण हातातून निसटतं.

[दृश्य: पलंगाच्या कडेवर बसलेली वृद्ध व्यक्ती. उशाशी औषधांच्या पट्ट्या.]

दुसरा मार्ग म्हाताऱ्यांचा, आणि औषधांचा. उभं राहिल्यावर ३ मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर तो दोष मानतात. इथे आदेश उलटा निघत नाही. तो निघतो पण पुरेसा पोहोचत नाही. जुना मधुमेह किंवा पार्किन्सन असेल, तर मज्जातंतूच थकलेल्या असतात. पण त्याआधी औषधांची यादी बघावी. रक्तदाबाच्या गोळ्या, लघवी वाढवणारी औषधं, प्रोस्टेटची काही औषधं, छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची गोळी, नैराश्यावरची काही औषधं. एकेक गोळी योग्यच असते, वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेली असते, आणि सगळ्यांची बेरीज माणसाला न्हाणीघरात पाडते. खुब्याचं हाड मोडतं तेव्हा 'पाय घसरला' अशी नोंद होते. भरपेट जेवणानंतर तासाभरात, गरम पाण्याने अंघोळ केल्यावर, जुलाबांनी अंगातलं पाणी गेल्यावर हाच प्रकार बळावतो.

तपासायला महागडं काही लागत नाही. रुग्ण आडवा असताना रक्तदाब, उभा राहिल्यावर लगेच आणि ३ मिनिटांनी पुन्हा. इतकी सोपी तपासणी, आणि तीच घाईत वगळली जाते.

तरुणांतही याचा एक छोटा अवतार आहे. उंच, सडपातळ मुलगा अंथरुणातून ताडकन उठतो आणि पंधरा सेकंदांच्या आत डोळ्यांपुढे काळोख. दाब एकदम कोसळून तितक्याच लगेच सावरतो. उठण्याआधी मिनिटभर बसलं तर बहुतेकदा होत नाही.

[दृश्य: ईसीजीची पट्टी. ठोके, ठोके, मग सरळ रेषा. पुन्हा ठोके.]

तिसरा मार्ग हृदयाचा. आकड्याने लहान, पण भीती बाळगायची ती याची.

अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम इथल्या दीर्घ अभ्यासातून २००२ मध्ये एक निष्कर्ष आला. ७८१४ लोकांवर सरासरी १७ वर्षं लक्ष ठेवलं होतं. त्यातल्या ८२२ जणांनी भोवळ आल्याचं सांगितलं. साधी व्हॅसोव्हेगल भोवळ येणाऱ्यांचं आयुष्य इतरांइतकंच होतं. हृदयविकाराने भोवळ येणाऱ्यांत मृत्यूचा धोका दुप्पट होता. बाहेरून पाहणाऱ्याला दोघं सारखेच पडलेले दिसतात.

डब्लिनच्या रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी १८२७ मध्ये आणि विल्यम स्टोक्स यांनी १८४६ मध्ये, मंद नाडी असलेले आणि वारंवार बेशुद्ध पडणारे रुग्ण वर्णन करून ठेवले. हृदयाच्या वरच्या कप्प्यातला विजेचा इशारा खाली पोहोचत नाही, खालचे कप्पे काही सेकंद गप्प बसतात, माणूस मेणासारखा पांढरा होऊन पडतो. ठोके सुरू झाले की चेहऱ्यावर एकदम लाली पसरते. बसलेला असो की झोपलेला, त्याला फरक पडत नाही.

स्वीडनच्या आर्ने लार्सन यांना असे झटके दिवसातून अनेकदा येत. पत्नी एल्स-मारी डॉक्टरांच्या मागे हात धुऊन लागल्या. इंजिनियर रूने एल्मक्विस्ट यांनी हृदयाला विजेचा इशारा देऊन ठोके चालू ठेवणारं यंत्र बनवलं, शल्यचिकित्सक ओके सेनिंग यांनी ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोममध्ये ते शरीरात बसवलं. संपूर्ण शरीराच्या आत बसवलेला हा जगातला पहिला पेसमेकर. काही तासांतच तो बंद पडला, दुसरा बसवावा लागला. पुढे आयुष्यभरात वीसहून अधिक पेसमेकर बदलले गेले. लार्सन २००१ मध्ये, ८६व्या वर्षी वारले, तेव्हा त्यांचा शल्यचिकित्सकही हयात नव्हता आणि इंजिनियरही.

हृदय फार मंद चालतं तसं फार वेगातही चालतं. दीडशे-दोनशेच्या वर पळणारं हृदय भरायच्या आधीच आकुंचन पावतं आणि पुढे काही जातच नाही. काही घराण्यांत हृदयाच्या विजेचा जन्मजात दोष असतो. तो दोष असलेलं मूल पोहताना बुडू लागतं, किंवा गजराच्या घड्याळाच्या आवाजाने बेशुद्ध होतं. तोवर त्याला कोणी आजारी म्हटलेलं नसतं. खेळाडूच्या हृदयाची भिंत जाड झालेली असू शकते, वृद्धाची महाधमनीची झडप आवळलेली असू शकते. दोघंही धाप लागेल असं काही करताना पडतात.

म्हणून प्रश्न एकच विचारायचा: पडण्याआधी काय चाललं होतं? धावताना, जिना चढताना पडला का? आडवा असताना शुद्ध गेली का? घाम, मळमळ, अंधारी काहीच नाही, बोलता बोलता कोसळला? आधी छातीत धडधड? घरात कोणी तरुणपणी अचानक गेलंय? यातल्या एकाचंही उत्तर 'हो' असेल, तर त्याच दिवशी ईसीजी आणि हृदयाची तपासणी. माझ्या मते मेंदूच्या स्कॅनसाठी होणारी धावपळ इथे बहुतेकदा चुकीच्या दिशेने असते. डोक्याला मार किंवा अर्धांगवायूची लक्षणं नसतील, तर काही मिनिटांचा ईसीजी जास्त सांगून जातो.

[दृश्य: १९९०च्या दशकातली प्रयोगशाळा. जमिनीवर गाद्या, तिपाईवर कॅमेरा.]

आणि फिट? हात-पाय झटकले म्हणजे मिरगी, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. बर्लिनमध्ये थॉमस लेम्पर्ट आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये निरोगी तरुण स्वयंसेवकांना मुद्दाम भोवळ आणून ती चित्रित केली. (घरी कोणी हे करून बघू नये, खेळ म्हणून करणारी मुलं जिवाला मुकू शकतात.) पूर्ण शुद्ध गेलेल्या ४२ जणांपैकी ९० टक्के जणांच्या अंगाला झटके आले. बहुतेकांचे डोळे उघडे आणि वर फिरलेले. शुद्ध गेलेली सरासरी फक्त १२ सेकंद. शिवाय साठेक टक्के लोकांनी रंग, आवाज, स्वप्नासारखं काहीतरी अनुभवल्याचं सांगितलं. झटके येणाऱ्या या ९० टक्क्यांपैकी कोणालाही मिरगी नव्हती.

फरक नंतरच्या मिनिटांत दिसतो. भोवळीतून उठलेला माणूस लगेच जागा ओळखतो, थकलेला असला तरी नीट बोलतो. मिरगीनंतर गोंधळ बराच वेळ राहतो, जिभेची कडा चावली गेलेली असते, झटके मिनिटभर किंवा जास्त चालतात. लघवी होणं दोन्हींत घडतं, त्यावर भिस्त ठेवू नये. डोळे गच्च मिटलेले आणि कितीतरी मिनिटं माणूस निपचित, असं दिसलं तर कारण मनाच्या ताणात असू शकतं. ते नाटक नसतं, त्यालाही उपचार लागतात.

[दृश्य: कोसळलेल्या व्यक्तीभोवती गोळा झालेली माणसं. एकजण तिला बसती करू पाहतोय.]

इथे थांबा. हीच चूक सगळीकडे होते. पडलेल्याला काखेत धरून उचलायचं, खुर्चीत बसवायचं, पाण्याचा पेला ओठांना लावायचा. मेंदूला आडवं व्हायचंय आणि आपण त्याला उभं करतोय. गर्दीत मधोमध अडकलेला माणूस पडूच शकत नाही, तेव्हा हाच धोका असतो.

आडवं राहू द्या. श्वास बघा. पाय हातभर उचलून धरा, गळ्याजवळचे कपडे सैल करा. पूर्ण जाग येईपर्यंत तोंडात काही घालू नका, पाणीसुद्धा नाही. गरोदर स्त्री असेल तर डाव्या कुशीवर वळवा. श्वास नसेल किंवा नुसते आचके येत असतील, तर ती भोवळ नाही: रुग्णवाहिका बोलवा आणि छाती दाबायला लागा. मिनिटभरात शुद्ध आली नाही, छातीत दुखतंय, मोठा मार लागलाय, तरी रुग्णवाहिका. जाग आल्यावर दहा-पंधरा मिनिटं उठवायची घाई नको. लगेच उठलेले पुष्कळ जण दुसऱ्यांदा पडतात.

आणि बघणाऱ्यांपैकी एकाने मोबाइलवर चित्रण केलं, तर डॉक्टर त्याचे आभार मानतील. पडलेल्याला स्वतःला काहीच आठवत नसतं. चेहऱ्याचा रंग, डोळे, झटके किती वेळ, हे फक्त शेजारच्याने पाहिलेलं असतं.

[दृश्य: पाय एकमेकांत अडकवून, मुठी आवळून उभी असलेली तरुणी.]

ज्यांना चाहूल लागते, त्यांच्या हातात बरंच आहे. पाय एकमेकांत अडकवून मांड्या आणि नितंब आवळायचे, किंवा दोन्ही हातांची बोटं गुंतवून जोरात ओढायची. दाब काही सेकंदांत वर येतो. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २२३ रुग्णांवरच्या एका चाचणीत, नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपैकी ५१ टक्के पुन्हा बेशुद्ध पडले. हे स्नायू आवळणं शिकलेल्यांपैकी ३२ टक्के. औषधाविना एवढा फरक पडणं लहान गोष्ट नाही. भरपूर पाणी, आणि रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास नसेल तर डॉक्टरांना विचारून थोडं जास्त मीठ. जागा मिळाली तर सरळ उकिडवं बसावं.

तरीही काहींचं कारण सापडत नाही. फ्रेमिंगहॅममध्येच एक तृतीयांशाहून अधिक जणांचं सापडलं नव्हतं. अशांना टेबलावर पट्ट्यांनी बांधून ६०-७० अंशांत उभं करतात आणि पाऊण तासापर्यंत रक्तदाब, नाडी बघतात. ही चाचणी १९८६ पासून भोवळीसाठी वापरात आली. भोवळ वर्षातून एखाददुसरी असेल, तर छातीच्या त्वचेखाली एक बारीक नोंदयंत्र बसवतात. त्याची बॅटरी काही वर्षं टिकते. त्या काळात भोवळ आली, तर त्या क्षणी हृदय काय करत होतं हे कागदावर येतं: लांब विराम असेल तर पेसमेकर, ठोके नियमित असतील तर हृदयावरचा संशय मिटतो.

गाडी चालवण्याचा प्रश्न इथेच सुटतो किंवा अडतो. ज्यांना आधी घाम, मळमळ, अंधारी अशी चाहूल लागते आणि भोवळ उभ्यानेच येते, त्यांना डॉक्टर बहुधा अडवत नाहीत. बसल्या जागी, काही चाहूल न देता येणारी भोवळ असेल, तर कारण सापडून उपचार होईपर्यंत स्टिअरिंग, शिडी आणि एकट्याने पोहणं, तिन्ही बंद.